पेन खाली ठेव

"पेन खाली ठेव."

साळवी सिस्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे एवढंच. नमस्कार नाही, नाव-गाव नाही, नव्या माणसाकडे बघून हसणं तर नाहीच. दोन हजार सातच्या फेब्रुवारीतली गोष्ट. नवऱ्याच्या व्हिसावर दुबईला येऊन घरात बसून मी कंटाळले होते आणि करामा भागातल्या एका लहानशा पॉलिक्लिनिकच्या रिसेप्शनवर माझा तो पहिला दिवस होता. काउंटरपाशी एक तरुण मुलगी आली. मी उत्साहाने नव्या पेशंटचा फॉर्म पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं, "युअर नेम प्लीज" म्हणाले आणि पाठीमागून हा हुकूम आला.

वळून पाहिलं तर पन्नाशीची एक काटक बाई. पांढरा गणवेश, तेल लावून चापून बांधलेला अंबाडा, छातीवर पिनेने उलटं टांगलेलं घड्याळ. माझ्याकडे न बघता ती त्या मुलीला सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शादी का पेपर है? अटेस्ट किया हुआ? नहीं? तो पहले पेपर लेके आने का. यल्ला, चलो."

मुलगी कानापर्यंत लाल झाली आणि आली तशी निघून गेली. बाईंनी हात पुसले, "चहा घेऊन येते गं" असं मला सांगितलं आणि त्याही बाहेर पडल्या, त्या चांगल्या वीस मिनिटांनी आल्या. बाई उद्धट तर आहेच, वर कामचुकारही आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. माझी मतं लवकर होतात आणि उशिरा बदलतात. या खेपेला बदलायला पावणेदोन वर्षं लागली, आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच कोणीतरी दिली.

सिस्टर मूळच्या देवरुखकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगा संदेश तीन वर्षांचा असताना. त्याला नणंदेकडे ठेवून त्या आखातात आल्या आणि तो लग्नाचा झाला तरी तिथेच होत्या. गल्फमध्ये नर्स म्हणजे मल्याळी, अशी सगळ्यांची खात्री असते. पेशंट धडाधडा मल्याळममध्ये सुरू होत. सिस्टर शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग मल्याळममध्येच त्यांना झापत. बोलता येत नव्हतं, पण झापण्यापुरतं येत होतं. इंजेक्शन देऊन झालं की "खलास!" म्हणून ट्रे असा आपटत की पोरं रडायचं विसरून जात. दुपारी डबा उघडला की काळ्या वाटाण्याची उसळ, नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी. त्या वासाने आमचे डॉक्टरसाहेब केबिनचं दार लावून घेत. सिस्टर मुद्दाम ते उघडून विचारत, "साहेब, घेणार का थोडं?"

पण त्यांची खरी ओळख म्हणजे तो प्रश्न. लग्नाचा कागद. एकटी आलेली कुठलीही तरुण बाई त्यातून सुटत नसे. आठवा महिना लागलेली, मंगळसूत्र घातलेली, नवऱ्याची गाडी दारात उभी असलेली, कोणीही. आमच्या मराठी मंडळींत त्यांना 'कागदवाली बाई' म्हणत. गणपतीला त्यांना बोलवायचं की नाही यावर चर्चा होत असे, आणि ती होण्याआधी माझ्या तोंडाकडे बघितलं जाई. मीही मान हलवून "काय सांगू, रोज सहन करते मी" असं म्हणून घेत असे.

तिथला नियम असा होता. लग्नाशिवाय दिवस गेले तर तो गुन्हा. गर्भ पाडला तर तोही गुन्हा. बाईच्या जिवावरच बेतलं असलं तर डॉक्टरांची समिती वगैरे काही होतं म्हणे, पण ते साध्या माणसापर्यंत पोचत नसे. त्यामुळे गरोदर बाईची फाईल उघडायची तर लग्नाचा दाखला, तोही शिक्क्यांसकट. आमच्यासारख्यांना ही नुसती कटकट वाटे. कागद कपाटात असायचा, शोधून आणायचा, एवढंच.

सगळ्यांच्या कपाटात तो होताच असंही नाही. अल कुसैसहून एक वर्षाताई आल्या होत्या, सोबत नवरा. लग्नाला नऊ वर्षं झालेली, पहिला मुलगा भारतात झालेला, आता दुसऱ्यांदा दिवस गेलेले. दाखला आणला होता, पण त्यावर नाव होतं स्वानंदी. पासपोर्टवर वर्षा. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, ते दाखल्यावर गेलं, आणि नंतर सगळे जुन्याच नावाने हाक मारत राहिले. सिस्टरनी कागद परत दिला.

"अहो, आमच्यात नाव बदलतात. तुम्ही मराठी ना?" वर्षाताई चिडल्या.

"मराठी आहे म्हणूनच सांगते. माझंही बदललं होतं सासरी. पण डिलिव्हरीच्या वेळी हॉस्पिटलात जो काउंटरवर बसेल त्याला तांदळातलं नाव माहीत नाही. त्याला या दोन बायका दिसणार. एक लग्नाची, एक बिनलग्नाची. बाळ आहे ते बिनलग्नाचीच्या पोटात."

वर्षाताईंनी आकांडतांडव केलं, नवऱ्याने मालकांकडे तक्रार करण्याची धमकी दिली. महिन्याभराने दोघं मुंबईहून नव्या शिक्क्यांचं ॲफिडेव्हिट घेऊन आली. आभार वगैरे काही मानले नाहीत. सिस्टरनी कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, "हं, आता पेन उचल."

पेन उचल म्हणण्याचेही प्रसंग असत. वसईचे एक गृहस्थ एकदा छातीत कळा येतात म्हणून आले. त्यांना धरून आणणारे त्यांचे रूममेट होते. ईसीजी बघून डॉक्टरांनी हॉस्पिटलला हलवायला सांगितलं, पण सोबत जायला आणि सही करायला नातेवाईक हवा. रूममेट चालत नव्हता. तो रूममेट घामाघूम झाला होता. "नऊ वर्षं आम्ही एकत्र राहतो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि दर वेळी आवाज खाली येत होता. सिस्टरनी त्याच्याकडे एकदा बघितलं, कॉटवरच्या माणसाने त्याची बाही घट्ट धरली होती तिकडे एकदा बघितलं.

"पेन उचल गं. नातं, मावसभाऊ. आडनाव जुळावं लागत नाही."

अँब्युलन्स गेल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, पण हे खोटं नाही का?"

"त्यांचं जे आहे त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. त्याला मी काय करू? माणूस एकटा मरू द्यायचा?" आणि उसळीचा डबा उघडून बसल्या. त्या दोघांचं काय आहे ते मला तेव्हा कुठे कळलं. सिस्टरना पाहताक्षणी कळलं होतं.

मंदी आली ती आम्हाला आधी वेटिंग रूममध्ये दिसली. दोन हजार आठचा ऑक्टोबर. पडसं-खोकल्याचे पेशंट कमी झाले आणि झोप लागत नाही, छाती धडधडते, मान दुखते असे तिशी-पस्तिशीचे पुरुष वाढले. बायकामुलांना परत पाठवणाऱ्यांनी सोफे, फ्रिज, पोरांच्या सायकली विकायच्या चिठ्ठ्या आमच्या काचेवर लावल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी सिस्टर लायसन्सच्या नूतनीकरणाला गेल्या होत्या आणि मनीषा आली.

मनीषा नेपाळची, जवळच्याच एका पार्लरमध्ये कामाला. पोटात दुखतंय म्हणाली. सिस्टर नाहीत म्हणून मला मनातून बरंच वाटलं. आज निदान कोणाशी तरी माणसासारखं बोलता येईल. तिला पाणी दिलं, बसवलं, छान अक्षरात सगळा फॉर्म भरला. नाव, वय, स्पॉन्सर, लेबर कार्डचा नंबर. अविवाहित, असंही लिहिलं. डॉक्टरांनी तपासलं, टेस्ट केली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही लायसन्स होतं, त्यांनाही मुलं होती. त्यांनी सरकारी हॉस्पिटलला पत्र दिलं. टॅक्सी मीच बोलावून दिली. जाताना मनीषा मला "थँक्यू दीदी" म्हणाली.

दोन आठवड्यांनी दोन पोलीस फाईलची प्रत न्यायला आले. सिस्टर काउंटरवर होत्या. त्यांनी फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

मला वाटलं आता आपली खैर नाही. पण पोलीस गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या, आणि किती तरी वेळ घड्याळाची पीन लावत आणि काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी चूक नाही. तुला सांगितलं नाही ही माझी चूक. मला वाटलं, तुला जितकं कमी माहीत तितकं बरं."

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. "ज्या पोरींना मी हाकलते ना, त्यांचं नाव मला माहीत नसतं. नाव लिहिलं की फाईल झाली. फाईल झाली की तपासावं लागतं, तपासलं की कळवावं लागतं. मग डॉक्टर चांगला असून उपयोग नाही आणि तू चांगली असून उपयोग नाही. म्हणून आधी ओरडायचं. लग्न झालेली असली तर चिडेल, नवऱ्याला घेऊन येईल. नसली तर लाजून बाहेर जाईल."

"आणि चहा?"

"चहाच घेते. तिच्याबरोबर, त्या कॅफेटेरियाच्या मागच्या बाकावर. विचारते, पासपोर्ट हातात आहे का? असेल तर आज तिकीट काढ. तुझ्या देशात जा, तिकडे जन्म दे, नाहीतर डॉक्टरकडे जा, ते तुझं तू ठरव. पण इथे थांबू नको. आणि कोणी गोळ्या आणून दिल्या तर घेऊ नको, एकटी तर मुळीच नको."

मनीषाचं बाळ तुरुंगात झालं. सिस्टरनी रोज दुपारी डबा झाल्यावर शिवून टोपडं आणि दुपटं केलं आणि भेटीच्या दिवशी नेऊन दिलं. मला चल म्हणाल्या नाहीत. मीही येते म्हणाले नाही. आजही मला माझं ते सुंदर अक्षर बघवत नाही.

केतकीचा फोन आला तो मार्चमधल्या एका शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमाराला.

केतकी आमच्या ओळखीतली. शारजात वाढलेली, वडील निवृत्त होऊन पुण्याला परतलेले, ती शिकून पुन्हा इकडे नोकरीला आलेली. वर्षापूर्वी रोहन नावाच्या मुलाशी तिचा साखरपुडा झाला होता. तोही दुबईतच होता. मुहूर्त मात्र अकरा महिन्यांनंतरचा काढला, कारण मनासारखं कार्यालय मिळत नव्हतं. आपल्याकडे साखरपुडा झाला की काकू-मावश्या "आता काय, झालंच लग्न" म्हणतात, मुलाला जावईबापू करून टाकतात, आणि दोघं एकत्र फिरली की कौतुकाने डोळेझाक करतात. पुण्यात ते चालतं. मुहूर्त काढताना कोणाच्या मनातही आलं नाही की पोरं पुण्यात नाहीत. मग मंदी आली. रोहनची कंपनी बंद पडली, तीस दिवसांत त्याला देश सोडावा लागला, कार्यालयाचं बुकिंग पुढे ढकललं गेलं. केतकीच्याही कंपनीने माणसं कमी केली आणि व्हिसाच्या कामासाठी दिलेला तिचा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकून पडला.

"मावशी, आय टुक सम पिल्स," फोनवर ती म्हणाली. "इट्स नॉट स्टॉपिंग."

मी सिस्टरना फोन केला. नवऱ्याने गाडी काढली, वाटेत अल कुसैसहून त्यांना घेतलं आणि केतकीच्या घराकडे, डिस्कव्हरी गार्डन्सला निघालो. नमाजाची वेळ, रस्ते रिकामे. सिस्टरनी मागच्या सीटवरून एकदाच विचारलं, "लग्न झालंय?" मी नाही म्हटलं.

केतकी बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे. सिस्टर तिच्यासमोर खालीच बसल्या. पापणी ओढून पाहिली, नाडी धरली, घड्याळ सरळ करून मोजलं.

"किती पॅड बदलले?"

"आय डोंट नो. फोर. इन ॲन अवर."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "सिस्टर, इथेच काही करता येणार नाही का? सलाईन लावून?" मला माझा तो फॉर्म दिसत होता. ते दोन पोलीस दिसत होते.

वीस-बावीस वर्षं या बाईने मुलींना दारातून परत पाठवलं होतं, आणि आता तिच्या पुढ्यात अशी एक होती जी परत जाऊ शकत नव्हती. सिस्टरनी डोळे मिटले आणि उघडले.

"अर्धवट पडलंय, आत राहिलंय. हॉस्पिटलात न्यायला हवं."

"नो! प्लीज, नो!" केतकीने त्यांचा हात धरला. "दे विल पुट मी इन जेल."

"घालतील. तुरुंगातून माणूस परत येतं पोरी. ऊठ."

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने पेन उचललं आणि नाव विचारलं. सिस्टरनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वय सांगितलं, पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. पती? नाही. कागद? नाही. ती मुलगी लिहिता लिहिता थांबली, सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "लिखो बेटा. जल्दी लिखो." आणि स्ट्रेचर आत ढकलताना केतकीला बजावलं, "डॉक्टरला सगळं खरं सांगायचं. कुठल्या गोळ्या, किती, कधी. लपवलंस तर मरशील."

केतकी वाचली. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. संध्याकाळी तिच्या वॉर्डच्या दाराशी एक महिला पोलीस खुर्ची टाकून बसली होती.

पुण्याला फोन सिस्टरनीच केला. मला जमेना. "मी साळवी सिस्टर बोलते, दुबईहून. मुलगी जिवंत आहे, आधी हे ऐका." मग बाकीचं सांगितलं. पलीकडून केतकीच्या आईचा आवाज मला तीन फुटांवर ऐकू येत होता. सिस्टर म्हणाल्या, "ताई, रडायचं नंतर. साखरपुड्यात यादी केली होती ना? दोन्हीकडच्या सह्यांची? ती आत्ता पाठवा. फोटोही पाठवा."

लग्नाची यादी! मला हे सुचलंच नसतं. सिस्टरनी ती टायपिंग सेंटरमध्ये नेऊन अरबीत करून घेतली, शिक्का मारून. केतकीला हॉस्पिटलातून सोडणार त्या दिवशी आम्ही पोलीस स्टेशनला गेलो तेव्हा त्यांच्या हातात ती होती. अधिकारी तरुण होता, अदबीने बोलत होता. त्याने सगळं वाचलं. मुलीला पाच साड्या. मुलाला सूट. विहिणीचा मान. पाचशे विड्याची पानं.

"व्हॉट इज धिस? पाँच सौ पत्ता?" त्याने विचारलं.

"सर, हमारे में शादी के पहले दोनों बाप बैठके ऐसा लिखते हैं. सही करते हैं. इसके बाद कोई पीछे नहीं हटता."

"बट नो निकाह."

"नहीं सर. शादी नहीं हुआ. झूठ नहीं बोलती."

त्याने फोटो पाहिले. हारतुरे घातलेली दोन घरं, मधे ही दोन हसरी पोरं. बराच वेळ तो कागद उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, केस होणार, कोर्ट ठरवेल. पण चांगल्या घरची मुलगी आहे, आजारी आहे. इथल्या रहिवाशाने स्वतःचा पासपोर्ट जामीन ठेवला तर तोवर ती बाहेर राहू शकेल. नाहीतर आत. आणि मुलगी पळाली तर जबाबदारी पासपोर्टवाल्याची.

हे असं होईल याचा अंदाज आम्हाला होता. येताना गाडीत माझा नवरा पुढे बघत म्हणाला होता, "आपला नको हं. माझीही नोकरी आज आहे उद्या नाही. अचानक निघायची वेळ आली तर?" त्याचं चुकीचं नव्हतं. माझ्या पर्समध्ये माझा पासपोर्ट होता. मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून फरशीकडे बघत बसले. लाज वाटली, तरी बघत राहिले.

सिस्टरनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. अधिकाऱ्याने नाव वाचलं, चंद्रप्रभा. दोन वर्षं शेजारी बसून मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि जिथे दाखवलं तिथे सही केली.

पासपोर्टाच्या आत तिकीट होतं. ते तेवढं काढून घेतलं. मे महिन्यात संदेशचं लग्न होतं.

पुढचे सहा महिने केतकी सिस्टरच्या खोलीत राहिली. खोली म्हणजे अल कुसैसला दोन नर्सबरोबरच्या घरातला प्लायवूड लावून केलेला एक भाग. कॉट केतकीला दिली, स्वतः खाली झोपल्या. रोहनने पहिल्या आठवड्यात रोज फोन केला, मग आठवड्यातून एकदा. मग त्याच्या आईला एकाएकी रक्तदाब झाला. मग नंबर बंद. यादीवर त्याच्या बापाची ठसठशीत सही होती आणि त्या माणसांना ती पाळावीशी वाटली नाही. पोलीस अधिकाऱ्याने त्या कागदावर जेवढा विश्वास ठेवला तेवढाही तो लिहिणाऱ्यांनी ठेवला नाही, याचा मला अजून संताप येतो.

संदेशच्या लग्नाच्या दिवशी मी सिस्टरकडे गेले होते. देवरुखहून नणंदेने फोन लावून मांडवात धरून ठेवला होता. लाऊडस्पीकरवर खरखर, मंगलाष्टका, मधेच कोणाचं तरी खोकणं. सिस्टर नवं लुगडं नेसून कॉटवर ताठ बसल्या होत्या. मुठीत तांदूळ. "शुभमंगल सावधान" झालं की त्या फोनवर चार दाणे टाकत. केतकी कोपऱ्यात उभी होती, आणि एकाएकी ती हुंदके देऊन रडायला लागली. "इट्स बिकॉज ऑफ मी. इट्स ऑल बिकॉज ऑफ मी."

"गप गं. ऐकू दे," सिस्टर म्हणाल्या. आणि मुठीतले अर्धे तांदूळ तिच्या हातात दिले.

जुलैत कोणी तरी केतकीला सांगितलं, पैसे दिले तर ओमानच्या बाजूने बाहेर काढतो. तिने ते सिस्टरना सांगितलं. मला कळल्यावर माझा जीव उडाला. मी त्यांना गाठून म्हटलं, "ती गेली तर तुम्ही इथेच अडकाल. तिला एकटी सोडू नका."

"मी ड्यूटी सोडून घरी बसू? ती काय गाय आहे बांधून ठेवायला?" त्या म्हणाल्या. "मी तिला सांगितलंय, मला विचारू नको. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

केतकी गेली नाही. सप्टेंबरात निकाल लागला. एक महिना तुरुंग आणि त्यानंतर देशाबाहेर. सिस्टर तिला तुरुंगाच्या दारापर्यंत सोडून आल्या आणि आपला पासपोर्ट घेऊन कामावर हजर झाल्या. त्यात त्यांना सुटका वगैरे वाटलेली दिसली नाही. डबा तसाच बंद राहिला, एवढं मी पाहिलं. केतकी आता पुण्यात आहे. बरी आहे. लग्नाचा विषय काढलेला तिला आवडत नाही, आणि मी काढत नाही.

क्लिनिकच्या मालकांनी मधल्या काळात एक शब्द काढला नव्हता. वर्ष संपता संपता त्यांनी सिस्टरना बोलावून सांगितलं, "सिस्टर, क्या करें, मंदी है." कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. त्या वर्षी या एका शब्दाआड कोणालाही काहीही करता येत होतं.

दोन हजार दहाच्या जानेवारीत, विमानाच्या आदल्या दिवशी, सिस्टर क्लिनिकमध्ये निरोप घ्यायला आल्या. गणवेश नव्हता. साध्या साडीत त्या लहान दिसत होत्या. छातीवर घड्याळ नव्हतं आणि हात पुन्हा पुन्हा तिथे जात होता. सुनेचा फोटो दाखवला. नणंदेने घरात वेगळी खोली काढून ठेवलीय म्हणाल्या. त्या दिवशी पोलीस स्टेशनात मी पर्स धरून बसले त्याबद्दल मला काही तरी म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आले तेवढ्यात काचेचं दार उघडलं.

बावीस-तेवीसची मुलगी. एकटी. ओढणी पोटाशी धरलेली. काउंटरपाशी येऊन खाली मान घालून उभी राहिली.

फॉर्म माझ्यापुढेच होता, हातात पेन होतं. मी सिस्टरकडे बघितलं. त्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत असल्यासारख्या उभ्या होत्या.

मी टोपण लावलं. पेन खाली ठेवलं. आणि सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शादी का पेपर है? अटेस्ट किया हुआ?"

मुलगी कानापर्यंत लाल झाली. बाकावरच्या एका बाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझा पहिला दिवस आठवला. मुलगी वळली आणि दाराबाहेर पडली.

"चहा घेऊन येते गं," सिस्टर म्हणाल्या.

काचेतून मला दोघी पाठमोऱ्या दिसल्या. सिस्टरनी तिला पार्किंगपाशी गाठलं होतं, कोपराला धरलं होतं आणि तिच्या कानाशी वाकून काही तरी विचारत होत्या. पासपोर्टचंच असणार. मुलीने मान हलवली, होय की नाही ते मला दिसलं नाही. कॅफेटेरियाच्या कोपऱ्यावरून त्या आत वळल्या.

मी क्लिनिक बंद होईपर्यंत थांबले. सिस्टर परत आल्या नाहीत.